नेहमीचं वाक्य

डॉक्टरांविषयी मला कधी मोकळेपणानं चांगलं बोलता आलं नाही, आणि वाईट बोलायला त्यांनी जागा ठेवली नाही. त्यांचा विषय निघाला की मी "हो, चांगले ओळखतो" एवढंच म्हणून चहाचा कप उचलायचो. माझ्या गप्प बसण्याला लोक आदर समजायचे. आता ते निवृत्त झालेत, मीही त्याच वाटेवर आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. मी या माणसावर जळलो. थोडाथोडका नाही. एखाद्यानं व्रत करावं तसा, नेमानं.

सांगलीला एका सरकारी कचेरीत आम्ही एकाच मजल्यावर बसायचो. ते आरोग्याच्या बाजूला, मी हिशेबाच्या. मध्ये जिना आणि पाण्याचा पिंप. ते वाईचे, घाटाजवळच्या भिक्षुकांच्या घरातले. बोलणं स्वच्छ, किंचित नाकातलं. मी उंब्रजचा, उसाच्या घरातला. नोकरीत शिरताना माझं 'हाय-न्हाई' मी गावाच्या वेशीवर ठेवून आलो होतो. डॉक्टरांनी मात्र वेशीवर काहीच ठेवलेलं नव्हतं. होते तसे सगळीकडे जायचे, आणि लोक त्यांना होते तसे घ्यायचे. माझी पहिली ठिणगी बहुतेक तिथेच पडली.

ते कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्यानं हात जोडायच्या आत त्याचं मनगट धरायचे, तीन बोटं नाडीवर ठेवायचे आणि तसेच बोलत राहायचे. साहेब असो, चहावाला असो, भिंत रंगवायला आलेला माणूस असो. मग मध्येच म्हणायचे, "घरी भांडून आलात का?" किंवा "आज जेवला नाहीत." निम्म्या वेळा चुकायचं. पण कुणाला त्याचं काही वाटत नसे, उलट लोक मनगट पुढे करून रांगेत उभे राहिल्यासारखे थांबायचे. मला ते येताना दिसले की मी दोन्ही हातांत फायली घ्यायचो.

डब्याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. स्वतःच्या घरचा डबा स्वतः खायचा नाही. "स्वतःच्या घरच्या जेवणाची चव माणसाला कळत नाही, त्याला फक्त मीठ कळतं," असं ते म्हणायचे. दुपारी आपला डबा पाण्याच्या पिंपाशेजारी उघडा ठेवून द्यायचे आणि स्वतः टेबलाटेबलांवरून फिरून दुसऱ्यांचं खायचे. माझ्या टेबलापाशी आले की माझ्या बायकोला फोन. "वहिनी, आजच्या वांग्यात कारळाचं कूट आहे ना? मला वाटलंच." एवढंच, आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी डब्याला एक कप्पा जास्त.

"एवढं कशाला?" मी बायकोला विचारलं.

"डॉक्टरांना पुरायला नको?"

"मला पुरतं की नाही, ते कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी काही म्हणालात का? वांगं होतं का दोडका, ते तरी आठवतंय?"

मला आठवत नव्हतं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: "हे कुणाच्या अंगावर पडणार?" कचेरीत काहीही ठरलं की हाच प्रश्न. कुणाच्या तरी निरोपाला मोठा हार आणायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "आणायला कोण जाणार?" शिपाई जाणार होता. "उन्हातून, स्वतःच्या गाडीवर, स्वतःचं पेट्रोल घालून?" मग डॉक्टर स्वतः शिपायाच्या मागे बसून मंडईत गेले आणि घामाघूम होऊन हार घेऊन आले. निरोप ज्याचा होता तो बाजूलाच राहिला. टाळ्या डॉक्टरांना पडल्या. मीही वाजवल्या. जरा जोरातच वाजवल्या असतील.

हे सगळं मी सोसलं असतं. असा माणूस प्रत्येक कचेरीत एखादा असतोच. चूक माझी झाली ती एका दिवाळीत. मी त्यांना उंब्रजला घरी घेऊन गेलो.

घरी माझा थोरला भाऊ असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो, सगळं गावच म्हणतं. दादा फौजेत नर्सिंग असिस्टंट होता. म्हणजे डॉक्टर नव्हे, पण डॉक्टर पोचेपर्यंत जो जवानाला जिवंत ठेवतो, तो. निवृत्त होऊन आल्यावर गावात कुणाला खुरपं लागलं, कुणाचा पाय उसाच्या बुडख्यात फाटला, की लोक त्याच्याकडे यायचे. तो टाके घालायचा, पट्टी करायचा. पैसे कधी घेतले नाहीत; तंबाखू घ्यायचा. मग कुणीतरी बोगस डॉक्टर म्हणून अर्ज केला. पोलिस आले, समज देऊन गेले. त्या दिवसापासून दादानं आपली लोखंडी पेटी माळ्यावर टाकली. नंतर त्याच्या बायकोचा, माझ्या वहिनीचा, हात भाजला तर तिलाही कऱ्हाडला पाठवलं. "मी न्हाई हात लावणार. माझ्याकडं कागुद न्हाई," म्हणाला.

दादा माझ्याशी फारसं बोलत नाही. भांडण नाही, तसं काहीच नाही. "आलास?" "बस." "कवा जानार?" या तीन वाक्यांत आमच्या सुट्ट्या गेल्या. तो बोलत नाही, त्याचा स्वभावच तसा, असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी अंगणात आल्या आल्या त्याचं मनगट धरलं. दादानं हिसडा मारला नाही. उलट दुसऱ्या हातानं डॉक्टरांचं मनगट धरलं. दोघं एकमेकांची नाडी बघत उभे राहिले.

"तुमची जरा फास्ट हाय," दादा म्हणाला.

"एस.टी.त उभा राहून आलो."

"मंग बसा की. धाकट्या, पानी आण."

मी पाणी आणलं. परत येईतो दादानं बोलायला सुरुवात केली होती. बर्फात गारठून काळी पडलेली बोटं, हेलिकॉप्टर येत नव्हतं ते दिवस, एका पोराचा हात धरून रात्रभर म्हटलेली भजनं, कारण तो झोपला असता तर गेला असता. मी त्याचा सख्खा भाऊ. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो आणि दादाला ते कळलंही नाही. डॉक्टर मध्येमध्ये "मग?" एवढंच म्हणत होते. मी जन्मात दादाला "मग?" म्हणालो नव्हतो, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की माझ्या अंगणात माझा भाऊ दुसऱ्याचा होतोय.

त्यानंतर सांगलीहून साताऱ्याकडे जाताना डॉक्टर उंब्रजला उतरायला लागले. मला ते वहिनीकडून कळायचं. "डॉक्टर येऊन गेलं. तुमी कवा येताय?"

परवान्याची कल्पना त्या अंगणातच निघाली. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. माण तालुक्यात आरोग्य उपकेंद्रांना कुलपं आहेत, कारण डॉक्टर तिकडे राहत नाहीत. आणि आपल्या गावोगावी दादासारखे फौजेतून आलेले तयार हात घरी बसून म्हशी धुतायत. त्यांच्यासाठी वैद्यकीय परवान्याचा एक नवा, मर्यादित प्रकार काढायचा. टाके, पट्ट्या, सलाईन, साध्या तापाचं औषध, एवढंच, पुढचं डॉक्टरकडे. त्यांनी वर लिहून पाठवलं, पुन्हा पुन्हा पाठवलं, आणि एके दिवशी वरून खरंच उत्तर आलं: सविस्तर प्रस्ताव करा, खर्चाच्या बाजूसह. मी तोवर साताऱ्याला बदलून आलो होतो. खर्चाची बाजू कुणी बघायची असं विचारलं, तर डॉक्टरांनी माझं नाव दिलं.

दादानं माळ्यावरून पेटी खाली काढली. हेही मला वहिनीनंच सांगितलं. चिमटे उकळून, पुसून, उन्हात मांडले होते म्हणे. मला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून फोन केला.

"व्हईल का रं?"

"बघतोय," मी म्हणालो.

"बघ. तुज्या हातात हाय म्हंत्यात डॉक्टर."

परवान्याचा नवा प्रकार म्हणजे एक कागद छापला की झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. परवाना द्यायला कुणी लागतं, म्हणून कक्ष आला. कक्षाला अधिकारी, अधिकाऱ्याला कारकून, कारकुनाला संगणक, संगणकाला दर वर्षीचा देखभालीचा करार. कुणाला द्यायचा हे ठरवायला परीक्षा. परीक्षेला पेपर काढणारे, तपासणारे, आणि पेपर फुटू नये म्हणून बंदोबस्त. फौजेत बाळंतपणं होत नाहीत, लहान पोरं नसतात, तेव्हा तेवढं शिकवायला प्रशिक्षण. प्रशिक्षणाला शिक्षक, वसतिगृह, जेवण. परवानाधारक मर्यादेबाहेर जातो का ते बघायला निरीक्षक, निरीक्षकाला गाडी, गाडीला डिझेल. तक्रार आली तर सुनावणी. परवाना रद्द केला तर माणूस कोर्टात जाणार, म्हणून वकील. आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे हे सगळं पुन्हा.

यातलं काहीही कधी कुठल्या प्रस्तावात लिहिलं जात नाही. आमच्याकडे एक रीत आहे. प्रस्तावाच्या शेवटाला एक वाक्य असतं: 'यामुळे शासनावर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार पडणार नाही.' लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असतं, तसं ते असतं. छापणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. त्या वाक्यावर वरचा माणूस निर्धास्त सही करतो. गोष्ट एकदा जन्माला आली की तिचं दूधपाणी सरकार हळूहळू, पुरवणी मागण्यांतून करतंच. मी ते वाक्य इमारतींना लिहिलं होतं, शिबिरांना लिहिलं होतं, ज्यांचा उपयोग कुणालाच नव्हता अशा समित्यांना लिहिलं होतं. कधी हात थांबला नव्हता.

प्रस्ताव पक्का करायला डॉक्टर साताऱ्याला आमच्या घरी आले. रविवार होता. मी आतल्या खोलीत संगणकावर, ते बाहेर बायकोशी गप्पा मारत बसलेले. खर्चाच्या परिच्छेदाची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. "हा तुमचा प्रांत," म्हणाले होते. नेहमीचं वाक्य टाकायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं.

बाहेर डॉक्टरांचा फोन वाजला. दादाचा होता. बराच वेळ हसणं चाललं. मग डॉक्टर म्हणाले, "तुमचा भाऊ आत बसलाय, हिशेब मांडतोय. देऊ का त्याला?"

मी हात पुसून तयार झालो. पलीकडून दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. फोन आत आला नाही. बाहेर पुन्हा हसू झालं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि खरा खर्च मांडायला बसलो. दुपार गेली, संध्याकाळ गेली. कक्ष, कारकून, गाडी, डिझेल, वकील. आयुष्यात इतकं चोख काम मी केलेलं नाही. एकही बाब फुगवली नाही, एकही लपवली नाही. शेवटी बेरीज आली तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंद याखेरीज दुसरा शब्द नाही.

डॉक्टरांनी उभ्यानं वाचलं. मला वाटलं, आता म्हणतील, हे काढा. तर त्यांचा चेहरा फुलला. "अहो, इतकी वर्षं मी विचारतोय, कुणाच्या अंगावर पडणार. पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं." बायकोला हाक मारून म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला गोड काहीतरी करा."

मुंबईच्या साहेबांशी बैठक पडद्यावर झाली. आम्ही साताऱ्यातून बसलो होतो. पडद्यावर एक मॅडम होत्या, हुशार आणि बोलायला बऱ्या.

"डॉक्टर, कल्पना मला आवडली," त्या म्हणाल्या. "पण हे शेवटचं पान काय आहे?"

"खर्च."

"तो दिसतोय. तो इथे का आहे? नेहमीचं वाक्य नाही यात."

"कारण ते खरं नाही, मॅडम. माझ्या मित्रानं एकेक बाब काढलीय. निरीक्षकाच्या डिझेलसकट. कुणी करतं का असं?"

"कुणी करत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर फायली चालतात."

पडद्यावर दोघेतिघे हसले. त्या हसल्या नाहीत. "एवढा भार कागदावर आल्यावर मला ही फाइल वित्त विभागाकडे पाठवावीच लागेल. वाक्य घालून पुन्हा देता का? आजच्या आज चालेल."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं, हे मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होतो.

"नको," डॉक्टर म्हणाले. "यांच्या कष्टावर मी बोळा फिरवणार नाही."

फाइल गेली ती गेली. वाक्य असतं तरी ती अडकली असती, असं मला पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. असेलही. मी ती समजूत करून घेत नाही.

दादाला सांगायला डॉक्टर स्वतः गेले आणि मलाही घेऊन गेले. दादा अंगणात फवारणीचा पंप दुरुस्त करत होता.

"नाही झालं, दादा," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या भावानं कमाल केली. खरा खर्च मांडला. असं कुणी मांडत नाही."

"येरवी खोटा मांडत्यात?"

"खोटा नाही. मांडतच नाहीत. एक वाक्य टाकतात, भार पडणार नाही म्हणून. की सही होते."

दादानं पंपाचा दट्ट्या खाली ठेवला. "तूबी टाकतोस?" मला विचारलं.

"टाकतो."

"कायम?"

"कायम."

"मंग ह्याच येळंला का न्हाई टाकलंस?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर डॉक्टरांनी दिलं. "अहो, हे घरचं काम होतं. माणूस घरच्या कामात जास्त काटेकोर असतो. तुमच्या नावावर खोटं नको, असं वाटलं असेल त्याला."

दादानं माझ्याकडे पाहिलं. जखम किती खोल आहे ते बघताना तो असंच बघत असणार. मग म्हणाला, "व्हय. घरचं हुतं." आणि पुन्हा दट्ट्या उचलला. वहिनीनं चहा आणला. पेटी त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली.

पुढच्या वर्षी डॉक्टर निवृत्त झाले. त्यांनी सांगलीत एक छोटा दवाखाना काढला, आणि दादाला बोलावून घेतलं. डॉक्टर स्वतः समोर असताना पट्टी बांधायला वेगळा परवाना लागत नाही. दादानं ऊस वाट्यानं दिला, घराला कुलूप लावलं आणि वहिनीला घेऊन तो सांगलीला राहायला गेला. निघताना मला फोन नव्हता. माझी बायको म्हणाली, "बघा, शेवटी डॉक्टरांनीच केलं." तिला यातलं काही माहीत नाही. हे वाचून कळेल.

मी ते वाक्य लिहिलं असतं, तर कदाचित दादा आज उंब्रजला असता, आपल्या अंगणात, आपल्या परवान्यावर. डॉक्टरांना आयता भाऊ मी मिळवून दिला. तोही पूर्ण प्रामाणिकपणे.

गेल्या महिन्यात मी त्या दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ, बाहेर बाकावर पेशंट. डॉक्टर टेबलाशी, आणि पडद्यामागे दादा कुणाच्या तरी पायाला पट्टी करत होता. कात्रीचा आवाज येत होता. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"तो खर्च मी तुमच्यावर जळून मांडला होता," मी म्हणालो. "प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. ते होऊ नये म्हणून मांडला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस रागावेल, आणि मला खरोखर बरं वाटेल.

"आकडे बरोबर होते ना?" त्यांनी विचारलं.

"होते."

"मग? जळून मांडा नाहीतर हसून मांडा. बेरीज तीच येते." आणि चष्मा घालून पुढचा केसपेपर ओढला. इतकी वर्षं जपलेलं माझं पाप त्यांनी पत्ता चुकलेल्या टपालासारखं परत केलं. मला त्यांचा त्या क्षणी जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

पडद्यामागची कात्री थांबली होती.

"डॉक्टर," दादाचा आवाज आला, शांत, फौजेतला. "त्याला जरा भाईर बसवा. पुढचा पेशंट घ्यायचाय."

मी बाहेर आलो. बाकावर एक म्हातारी पाय आखडून बसली होती, घोट्याला जुनी पट्टी. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा लंबर माज्या आदी हाय का?"

"नाही आजी. मी पेशंट नाही. आत पट्टी करतात ना, त्यांचा भाऊ आहे मी."

तिनं मला नीट न्याहाळलं.

"आस्सं व्हय? मला वाटलं, आतलं त्येच दोगं भाऊ हायती."

मी बाकावर सरकलो आणि तिला पाय लांब करायला जागा करून दिली.